उत्तरेचं कुंकू

गच्चीवर बोलावं लागत नसे, म्हणून ते काम मी मागून घेतलं होतं.

आमच्या फिजिक्सच्या सरांनी पडद्याच्या नळ्या कापून, त्या एका बांबूच्या टोकाला बांधून अँटेना बनवली होती. पृथ्वीचे फोटो काढत फिरणारा एक लहानसा उपग्रह रोज रत्नागिरीवरून जायचा, त्याच्याकडे ती धरायची. उपग्रह डोळ्यांना दिसत नसे. गच्चीतल्या स्पीकरमधून नुसती खरखर यायची. मग त्या खरखरीच्या तळातून टिकटिक वर यायची, घड्याळासारखी, पण घड्याळापेक्षा घाईची. ती आली की बांबू दोन्ही हातांनी धरून तिच्यामागे वळत राहायचं. आवाज स्वच्छ आला की आपण बरोबर, पुसट झाला की चुकलो. थोड्या वेळाने ती टिकटिक पुन्हा खरखरीत बुडायची. कुणीतरी डोक्यावरून जाता जाता आपलं सगळं बघून घ्यावं आणि आपल्याला त्याचा चेहराही दिसू नये, तसं मला दर वेळी वाटायचं.

सकाळची फेरी उत्तरेकडून यायची. मी किल्ल्याच्या दिशेला तोंड करून सुरुवात करायचे आणि हळूहळू वळत भाट्याच्या खाडीकडे तोंड करून थांबायचे. त्याच वेळी खाली प्रयोगशाळेत फोटो उतरत असायचा. एका वर्तमानपत्राच्या कचेरीने टाकून दिलेलं, तारेवरून फोटो घेण्याचं जुनं यंत्र सरांनी मुंबईच्या भंगारबाजारातून आणलं होतं. त्याच्या ढोलावर पांढरा कागद गुंडाळायचा. ढोल फिरायचा आणि एक सुई बारीक ठिणग्या टाकत कागद जाळत जायची, एकेक रेघ. मी खाली यावं तो खोलीभर करपल्याचा वास आणि टेबलावर अरबी समुद्र.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. शाळा मुंबईत, कॉन्व्हेंटात झालेली. वडिलांची बदली लांब उत्तरेत झाली तेव्हा त्यांनी मला मांडवीला आत्याकडे ठेवलं. घरात आम्ही मराठीच बोलायचो, पण ते चार माणसांतलं मराठी. वर्गात मला उत्तर सुचेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. मुलं मला ‘मॅडम’ म्हणायची. “मॅडमना काही विचारलंत तर उत्तर पोस्टाने येईल,” असं एकजण म्हणाला होता. सगळे हसले, मीही हसले. उपग्रहाच्या वेळांची पत्रकं परदेशातून इंग्रजीत यायची, ती आपल्या वेळेत बसवून सरांना द्यायची हे माझं दुसरं काम. त्यातही बोलावं लागत नसे.

प्रयोगशाळेत एक मामा होते. चाव्या, काचसामान, झाडलोट, सगळं त्यांच्याकडे. यंत्र पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी त्यांनी नारळ फोडला आणि ढोलावर कागद चढवण्याआधी त्याच्या पुढच्या कडेला कुंकवाचं बोट लावलं. सर हसले, पण अडवलं नाही. फोटो उतरला तेव्हा कुंकू नेमकं उत्तरेच्या कडेला आलेलं, कारण सकाळी उत्तरच आधी उतरते. “बरं झालं,” सर म्हणाले, “वर कुठलं ते सांगायला नको.” मग रोजचा कागद म्हणजे रोजची नवी वस्तू, आणि नव्या वस्तूला कुंकू लावल्याशिवाय मामा सुरुवात करू देत नसत.

दिवाळीच्या आधीपासून मच्छीमार सोसायटीचे चेअरमन रोज सकाळी तो फोटो न्यायला येऊ लागले. बंदरावर सोसायटीच्या पडवीत, ट्यूबलाइटखाली तो टाचणीने लावला जायचा. सरांनी आधी त्यावर किनाऱ्याची रेघ काढलेला प्लास्टिकचा कागद ठेवून, खाली दिसणाऱ्या किनाऱ्याशी जुळवून, रत्नागिरीच्या जागी पेनाने खूण केलेली असायची. चेअरमनना त्यांनी एवढंच शिकवलं होतं: कुंकू वर धरा. कुंकू वर असलं की डावीकडे समुद्र आणि उजवीकडे आपण. बायका जाता-येता फोटोला फूल वाहायच्या. मला ते बघून हसू यायचं नाही. कशाची भीती वाटते ते सांगता येत नव्हतं, पण वाटायची.

आत्याकडे मासे घालायला येणारी, आम्ही जिला वहिनी म्हणायचो, ती त्या बायकांतलीच. तिचा नवरा एका लाँचवर तांडेल होता, म्हणजे लाँच त्याच्या हुकमाने चालायची. तिचा बाप समुद्रात बुडून गेलेला, हे आत्याने मला सांगितलं होतं. ती स्वतः कधी बोलली नाही. पाटी पायरीवर टेकवली की मला बघून म्हणायची,

“काय गो बाय, तुजा वरचा काय म्हणतो?”

“काही नाही.”

“तू पण बोलत नाय, तो पण बोलत नाय. बरा जमलाय जोडा.”

आत्या आतून म्हणायची, “बांगडे ताजे दे आधी. जोडे नंतर जमव.”

त्या वर्षी दिवाळी संपली आणि रेडिओवर वादळाचं सांगू लागले. बंदरावर धोक्याचा बावटा चढला. लाँच खाडीत एकीला एक लावून बांधल्या गेल्या आणि तशाच राहिल्या. वारा नव्हता. पाऊस नव्हता. ऊन स्वच्छ पडायचं. फक्त मांडवीच्या वाळूवर येणाऱ्या लाटा बदलल्या होत्या. दोन लाटांमधलं अंतर वाढलं होतं. एक यायची, फुटायची, मग इतका वेळ काहीच नाही की आपण वाट बघायला लागायचो, आणि तेव्हा दुसरी यायची, पहिलीपेक्षा जड. रात्री आत्याच्या घरात भांड्यांची मांडणी त्या धक्क्याने बारीक किणकिणायची. आत्या उठून ताटल्यांमध्ये फडकी घालून आली.

माणसं बसून बसून चिडली होती. आणलेला बर्फ पाणी होऊन गेला होता. फोटोतही वादळ दिसत होतं, खाली दक्षिणेला, लक्षद्वीपच्या पलीकडे, पांढरा भोवरा. तो रोज थोडा जागा बदलायचा. चेअरमन रोज विचारायचे, “सर, जातंय की येतंय?” आणि सर म्हणायचे, “आज कुठे आहे एवढंच हा सांगतो. उद्याचं सांगत नाही.” हे उत्तर कुणालाच आवडत नसे.

मग एका सकाळी वीज गेली आणि फोटो आला नाही.

चेअरमन प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. “फोटो नाय म्हंजे काय, सर? माणसं माझी पडवी मोडतील.”

“संध्याकाळी पुन्हा जाईल तो,” सर म्हणाले. “तेव्हा घेऊ.”

संध्याकाळची फेरी आम्ही क्वचितच घ्यायचो. फोटो उष्णतेवरून निघतो, त्याला अंधार चालतो, पण ती फेरी उलटी असते. सकाळी उपग्रह उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो, संध्याकाळी दक्षिणेकडून उत्तरेकडे. दिवे लागून गेल्यावर मी गच्चीवर भाट्याकडे तोंड करून उभी राहिले. टिकटिक त्या काळोख्या बाजूने वर आली. बांबू नेहमीच्या उलट बाजूला वळवताना माझे खांदे अवघडले, दोनदा आवाज निसटला. शेवटी किल्ल्यावरच्या दीपगृहाच्या उजेडाकडे तोंड करून मी थांबले आणि बांबू कठड्याला बांधू लागले.

खाली काय झालं ते मला नंतर मामांकडून कळलं. फोटो ढोलावर असतानाच ऑफिसातून निरोप आला, सरांचे वडील मालगुंडला पडले आहेत. सरांनी कागद सोडवून टेबलावर ठेवला. किनारा सगळा ढगाखाली गेलेला, त्यामुळे प्लास्टिकचा कागद कशाशी जुळवावा ते त्यांना कळेना. “उद्या बघतो,” म्हणाले आणि शेवटची गाडी पकडायला धावले. पाठोपाठ चेअरमन आले. मामांनी रोजच्यासारखा फोटो त्यांच्या हातात दिला. कुंकू रोजच्यासारखं कागदाच्या पुढच्या कडेला होतं. मामांनी ते सवयीने लावलं होतं, सरांनी सवयीने लावू दिलं होतं.

मी घरी निघाले तेव्हा सोसायटीच्या पडवीत गर्दी होती आणि आवाज मोकळे झाले होते. बऱ्याच दिवसांनी तिथे कुणीतरी हसत होतं.

“चढला जमिनीवर! गुजरातेत शिरला. आता तिथं ऊस पाडंल.”

“बावटा आता काय, वाळत घातलेला लंगोट.”

खाडीतून इंजिनांचे आवाज येत होते. दोन लाँच तोंडाबाहेर पडतही होत्या, भरती उतरायच्या आत.

वहिनी पडवीच्या टोकाला रिकामी पाटी घेऊन उभी होती. “बाय, तू बग गो,” ती म्हणाली. “गेला ना तो?”

मी माणसांच्या खांद्यांमधून बघितलं. कुंकू वर होतं. भोवरा उजवीकडे वरच्या कोपऱ्यात होता, गुजरात असेल तिथे. बाकी सगळा करडा ढग, आणि कडेला खरखरीच्या रेघा. मी बघत राहिले, आणि माझ्या खांद्यांना आधी कळलं. आज मी भाट्याकडून सुरुवात केली होती. कागदाची पुढची कड म्हणजे आज दक्षिण होती. कुंकू दक्षिणेला होतं.

“इट्स अपसाइड डाउन,” मी म्हणाले. घाबरले की माझी जीभ शाळेत जाते. मग वहिनीला म्हटलं, “फोटो उलटा लावलाय.”

मी हळू म्हटलं होतं. वहिनीने ते अख्ख्या बंदराला ऐकवलं. “ओ, बाय म्हणते फोटो उलटा लावलासा!”

सगळे वळले.

“मग आमीच उलटे टांगून घेतो,” कुणीतरी म्हणालं. “सरळ दिसंल.”

हशा झाला. चेअरमन हसले नाहीत. ते सभ्य माणूस होते. “बाय, कुंकू वर हाय की नाय?”

“आहे.”

“सरांनीच सांगितलंय, कुंकू वर.”

“हो, पण आज…” मला ‘दक्षिणोत्तर’ आठवेना, ‘फेरी’ आठवेना. इतक्या पुरुषांनी एकदम माझ्याकडे बघितल्याची मला सवय नव्हती. शेवटी मी दोन्ही हात वर केले, बांबू धरल्यासारखे. किल्ल्याकडे तोंड केलं आणि वळत वळत भाट्याकडे आले. “हे रोज.” मग भाट्याकडून वळत किल्ल्याकडे. “हे आज.”

“गौरी नाचवतेय,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा.

पण चेअरमननी टाचण्या काढल्या. फोटो फिरवला. आता भोवरा डावीकडे खालच्या कोपऱ्यात आला, समुद्रात, आमच्याच बाजूच्या समुद्रात. त्यांनी पुन्हा फिरवला. पुन्हा गुजरात. भोवऱ्याला वरची-खालची बाजू नसते. कसाही धरा, तो तसाच गरगरत दिसतो. ते फोटो हातात घेऊन तो फिरवत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना दोन्ही खरे वाटत आहेत.

“सर कुठायत?” वहिनीच्या नवऱ्याने विचारलं. तो उंच, शांत माणूस होता. माझ्याशी तो कधी बोलला नव्हता.

“मालगुंडला गेलेत,” चेअरमन म्हणाले.

“मग?” तो चेअरमनना म्हणाला. “बर्फ भरलाय. खलाशी बसलेत. आता ह्या बायच्या नाचावर बर्फ परत उतरवू काय?”

चेअरमन म्हणाले, “मी कोणाला पाठवत नाय, कोणाला थांबवत नाय.”

माणसं उठली. वहिनी माझ्या अगदी जवळ आली. तिच्या अंगाला मीठ आणि पानाचा वास होता. “खरा सांग. नक्की?”

“मी हातात धरला होता तो बांबू.”

“तेवढा पुरे,” ती म्हणाली आणि पाटी घेऊन खाडीकडे चालू लागली.

तिने काय केलं ते दहा मिनिटांत सगळ्या बंदराला कळलं. लाँचचं डिझेल इंजिन लोखंडी हँडल फिरवून सुरू करतात. ते नसलं तर लाँच म्हणजे नुसतं लाकूड. वहिनी नवऱ्याच्या आधी लाँचवर चढली, हँडल काढून पाटीत घातलं, पाटी डोक्यावर घेतली आणि घरी गेली. तिच्या नवऱ्याची लाँच सगळ्यांच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी बांधलेली होती. ती हलल्याशिवाय मागच्या दोन सुटत नव्हत्या. तिघांनी शिव्या दिल्या, चौघांनी दार वाजवलं. आमच्या घरात ऐकू येत होतं.

“हँडल दे गो! दे म्हणतो!”

“विहिरीत टाकलंय.”

“कोणत्या?”

“शोधा.”

तोवर भरती उतरली, खाडीच्या तोंडावरची वाळू वर आली, आणि तीन लाँच अडकल्या. दोन गेल्या होत्या त्या गेल्या.

आत्याने मला जेवायला वाढलं. “तू काय बोललीस तिथे?” तिने विचारलं. मी सांगितलं. “बरोबर असलीस तर वाईट,” ती म्हणाली, “आणि चुकलीस तर त्या बाईचं काही खरं नाही.”

सकाळी समुद्र काचेसारखा होता. लाटाही मंदावल्या होत्या. कॉलेजला जाताना मी बंदरावरून गेले. वहिनीचा नवरा लाँचच्या काठावर पाय सोडून बसला होता आणि बाजूच्या लाँचवरून कुणीतरी ओरडत होतं, “तांडेल, हँडल कुठाय? चुलीत घातलं काय? चहा तरी झाला असंल!” गावातून मिस्त्री दुसरं हँडल घेऊन यायचा होता. भरती पुरी भरली की निघायचं, असं ठरलेलं. वहिनी धक्क्यावर एकटी उभी होती. बाकीच्या बायका तिच्यापासून हातभर लांब.

मी गच्चीवर चढले, आणि बांबू सोडवताना माझ्या लक्षात आलं की मी वादळ यावं म्हणून वाट बघते आहे. वादळ आलं नाही तर वहिनी संपली. वादळ आलं तर ती दोन लाँचवरची माणसं. दोन्हींमधलं एक मला हवं होतं, आणि कुठलं ते मला माहीत होतं. टिकटिक किल्ल्याच्या बाजूने वर आली आणि मी तिच्यामागे वळू लागले.

मामा एकटेच यंत्रापाशी होते. त्यांनी आज कागदाला काही लावलं नव्हतं. आदल्या रात्रीची गोष्ट त्यांच्या कानावर आली होती. कागद अजून कोमट होता. वरच्या बाजूला कच्छ आणि काठेवाड, स्वच्छ, जणू कुणी नुकतेच धुऊन वाळत घातलेले. त्यावर बोटाएवढाही ढग नाही. भोवरा डावीकडे खाली. परवा होता त्यापेक्षा मोठा आणि खूप वर सरकलेला. त्याचा एक हात लांब होऊन गोव्याच्या किनाऱ्याला टेकला होता.

“नेऊ का मी?” मी विचारलं. मामांनी कागद गुंडाळून माझ्या हातात दिला.

मी रस्त्याने धावले. त्या गावात मला कुणी धावताना बघितलं नव्हतं. लोक दुकानांतून बाहेर आले. बंदरावर पोचले तेव्हा मिस्त्री आलेला होता. वहिनीचा नवरा इंजिनावर वाकून नवीन हँडल बसवून बघत होता. मी फोटो धरून धक्क्यावर उभी राहिले. मला हाक मारता येईना, त्याला काय म्हणून हाक मारायची तेही कळेना. वहिनीनेच माझ्या हातातून कागद घेतला आणि चेअरमनपुढे धरला.

चेअरमननी काठेवाडावर बोट ठेवलं. तो आकार त्यांना पाठ होता. “हा काठेवाड,” ते म्हणाले. “ह्यात काय नाय.”

मग बोट खाली नेलं.

मी बरोबर होते असं कुणी म्हणालं नाही. वहिनीच्या नवऱ्याने हँडलवरचा हात काढला आणि तो पायजम्याला पुसला. कुणीतरी तोंडाबाहेरच्या समुद्राकडे बघितलं. मग सगळेच बघू लागले. तिथे काही नव्हतं. ऊन होतं आणि पाणी होतं. दोन बायका होत्या त्या गर्दीत, ज्यांची माणसं त्या दोन लाँचवर होती. त्यांच्याकडे मात्र कुणी बघेना.

चेअरमन बंदर कचेरीत गेले, रेडिओवर निरोप गेला. लाँचवर ट्रान्झिस्टर असायचे, पण तो चालू असेल का, सेल असतील का, ऐकणारा जागा असेल का, हे कुणाला माहीत. दुपारी वारा सुटला. आधी भाट्याच्या सुरूबनाचा आवाज आला, मग वाळू उडून खिडक्यांवर आपटू लागली. संध्याकाळपर्यंत समुद्र मांडवीच्या रस्त्यावर आला होता. आम्ही दारं लावून बसलो. पत्रे उडाल्याचे, झाडं मोडल्याचे आवाज येत होते आणि प्रत्येक आवाजानंतर आत्या म्हणायची, “नारळ असेल. पोफळ असेल.” दोन दिवस तसंच.

एक लाँच जयगडच्या खाडीत शिरली होती. तिच्यावरची सगळी माणसं चालत परत आली. दुसरी आली नाही. तिची एक फळी मालगुंडच्या बाजूला लागली म्हणतात. मी बघितली नाही.

सर परत आले तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. त्यांनी त्या संध्याकाळचा फोटो सोसायटीतून परत आणला आणि टेबलावर ठेवला. त्यानंतर प्रत्येक कागदावर ते स्वतः जाड पेनाने ‘उत्तर’ लिहायचे आणि मगच द्यायचे. मामा त्या वर्षी बदली मागून ग्रंथालयात गेले. त्यांना कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

वहिनीला मात्र बोलले. न आलेल्या लाँचवरच्या एका खलाशाच्या बायकोने मासळीच्या लिलावाच्या वेळी सगळ्यांसमोर तिची पाटी उधळली. “तुला कळला होता तर आपलाच हँडल घेऊन गेलीस? बोंब का नाय मारलीस?” वहिनी खाली बसून एकेक बांगडा गोळा करत राहिली. ती लाँच तेव्हा आधीच सुटलेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी ते म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी आमच्या पायरीवर आली, मासे कापून दिले आणि माझी थट्टा न करता गेली.

समुद्र निवळला. बावटा उतरला. लाँच पुन्हा जायच्या झाल्या. सोसायटीच्या पडवीत फोटो लागत होता, पण आता त्याच्यापुढे कुणी उभं राहत नसे.

एका संध्याकाळी मी दारात वाचत बसले होते. एक बाई येऊन पायरीखाली उभी राहिली. कडेवर मूल. तिला मी ओळखत नव्हते.

“बाय, आमचे ह्ये पहाटे जायचे हायत. जाव दे काय?”

मला आधी प्रश्नच समजला नाही. मग समजला. “फोटो लावलाय ना पडवीत,” मी म्हणाले.

“तो बगितला. तू सांग.”

“आजच्या फोटोत काही नाही,” मी म्हणाले. “उद्याचं त्यात दिसत नाही.”

“म्हंजे जाव दे?”

“आज काही नाही, एवढंच.”

ती मान डोलवून गेली. कोपऱ्यावर थांबून ती कुणालातरी सांगत होती ते मला स्पष्ट ऐकू आलं: “बाय जा म्हणाली.”

मी आत गेले. पुन्हा बाहेर आले. तिला हाक मारून सांगावं तर काय सांगायचं? आत्या म्हणाली, “झोप जा. तू सांगितलं नसतंस तरी गेलेच असते.” ते खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी तासाला माझं लक्ष नव्हतं. खिडकीबाहेरचं झाड हललं की मी वाऱ्याची दिशा बघत होते. घरी येताना बंदरावरून न जाता मी वरच्या रस्त्याने आले, आणि घरात शिरल्यावर खाडीच्या बाजूची खिडकी लावून घेतली.

दिवेलागणीला ती बाई आली. पानात बांधलेल्या सुरमईच्या दोन तुकड्या आणि मूठभर कोळंबी तिने पायरीवर ठेवली.

“कशाला?” मी विचारलं. “आम्ही घेतले आहेत मासे.”

“विकायला नाय आणला. वाटा हाय.”

मासळी आली की तिचे वाटे पडतात: लाँचचा एक, तांडेलाचा एक, खलाशांचे एकेक, देवाचा एक. ज्याच्या भरवशावर लाँच गेली त्या प्रत्येकाचा. हे मला आत्याने नंतर सांगितलं. त्या वेळी मी नुसती म्हणाले, “नको. मी काही केलं नाही.”

बाईचा चेहरा एकदम उतरला. आत्या घाईने बाहेर आली आणि माझ्या पाठीला बोट लावून हळूच म्हणाली, “घे. वाटा परतवायचा नसतो. उद्या काही झालं तर तू परतवलास म्हणून झालं म्हणतील.”

मी दोन्ही हात पुढे केले. पान गार होतं, ओलं होतं, आणि वाटलं होतं त्यापेक्षा जड. बाई हसली, तिच्या मुलाने माझ्याकडे बघून हात हलवला. ती वळली तेव्हा मला दिसलं की रस्त्यावर, आवाराच्या पलीकडे, आणखी दोघी उभ्या आहेत, पदर डोक्यावर घेऊन, आपली पाळी येण्याची वाट बघत.